अलास्काच्या आडरानात स्वावलंबी राहणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिणेला अलास्का पर्वतरांग, उत्तरेला ब्रुक्स पर्वतरांग आणि मध्ये युकॉन व तनाना नद्यांची खोरी. अलास्काच्या या अंतर्भागात रस्ता आणि विजेची तार पोचत नाही अशा ठिकाणी राहण्याबद्दल लोक जे पुन्हापुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती याच पट्ट्यापुरती आहेत. आग्नेय किनाऱ्यावर पाऊस जास्त आणि थंडी कमी, त्यामुळे तिथलं गणित वेगळं.

रानात मोकळी जागा शोधून घर बांधता येतं का? फुकट जमीन अजून मिळते का?

नाही मिळत. हा समज अजून का टिकून आहे ते मात्र समजू शकतं, कारण गोष्ट फार जुनी नाही. १८६२ चा होमस्टेड कायदा १८९८ मध्ये अलास्काला लागू झाला. जमिनीवर राहा, ती कसा, घर बांधा आणि मालक व्हा, असा तो सौदा होता. १९७६ मध्ये कायदा रद्द झाला, अलास्काला तेवढी १९८६ पर्यंत मुदत मिळाली. त्याखालचं शेवटचं मालकीपत्र १९८८ मध्ये स्टोनी नदीकाठच्या जमिनीसाठी निघालं आणि तो अध्याय संपला.

नकाशावर रिकामं दिसणारं रान कुणा ना कुणाचं आहे. अलास्काची साधारण ६० टक्के जमीन केंद्र सरकारची, २८ टक्के राज्याची, आणि १२ टक्क्यांच्या आसपास १९७१ च्या कायद्याने मूळ रहिवाशांच्या कंपन्यांकडे आलेली. उरलेली खासगी जमीन एक टक्क्याहूनही कमी. सरकारी जमिनीवर तंबू टाकता येतो, पण सर्वसाधारणपणे एका जागी १४ दिवसच. परवानगीशिवाय उभी केलेली केबिन अतिक्रमण ठरते आणि ती पाडली जाते, मग ती कितीही आत असो.

सरळ मार्ग दोनच. खासगी मालकाकडून जमीन विकत घ्यायची, किंवा राज्य सरकार लिलावात विकतं ती घ्यायची. दुर्गम भागात स्वतः खुंट्या ठोकून भूखंड आखून घेण्याची राज्याची एक योजना आहे, पण ती अलास्कात वर्षभर राहिलेल्या रहिवाशांसाठी आहे, आणि मोजणीचा व जमिनीचा खर्च भरावा लागतोच.

आम्ही अमेरिकेचे नागरिक नाही. आम्हाला जमेल का?

जमीन विकत घेता येते, पण जमीन घेतली म्हणून तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही. पर्यटक व्हिसावर कायमचं राहता येत नाही. शिकारीचं म्हणाल, तर अमेरिकेबाहेरच्या अनिवासी नागरिकाला मूस (भलंमोठं हरीण), कॅरिबू (रेनडिअर), अस्वल यांतल्या कशाचीही शिकार परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय करता येत नाही, आणि त्या मार्गदर्शकाची फी हजारो डॉलर असते. वास्तव्याचा प्रश्न कायद्याने सुटल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका.

थंडी नेमकी किती असते? आणि केबिनसाठी जागा कशी निवडायची?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्र देतो.

अमेरिकेतलं सर्वांत कमी नोंदलेलं तापमान याच भागातलं. २३ जानेवारी १९७१ रोजी प्रॉस्पेक्ट क्रीक इथे उणे ६२ अंश सेल्सिअस होतं. युकॉनकाठच्या फोर्ट युकॉनमध्ये जून १९१५ मध्ये जवळजवळ ३८ अंशांची नोंद आहे. म्हणजे एकाच खोऱ्यात शंभर अंशांचा फरक. रोजच्या जगण्यात उणे २० ला कामं सुरळीत चालतात, उणे ३० ला मंदावतात आणि उणे ४० ला हत्यारंच असहकार पुकारतात. प्रोपेन उणे ४२ च्या खाली वायू होत नाही, म्हणून टाकी भरलेली असूनही गॅसची शेगडी पेटत नाही. प्लास्टिकची बादली हातातून पडली तर तिचे तुकडे होतात. गोठलेल्या गाठीवर कुऱ्हाड मारली तर पात्याचा टवका उडतो, म्हणून जाणकार माणूस वापरण्याआधी कुऱ्हाड घरात ऊबेला ठेवतो.

आता जागा. थंड हवा जड असते, ती वाहत खाली येते आणि नदीकाठी साचून राहते. वारा नसलेल्या जानेवारीत खोऱ्याच्या तळाशी उणे ४५ असताना शंभर-दोनशे मीटर वर, टेकडीच्या उतारावर दहा-पंधरा अंश जास्त असू शकतात. उन्हाळ्यात नदीकाठची जागा बघून हरखून जाणारे लोक नेमके त्या थंड हवेच्या तळ्यात घर बांधतात, आणि मे महिन्यात नदी फुटली, म्हणजे तिच्यावरचा बर्फ फुटून वाहू लागला, की बर्फाच्या लाद्या अंगणात येतात ते वेगळंच.

दुसरी गोष्ट जमिनीखालची. उत्तरेकडचा उतार आणि दलदलीचा सपाट भाग यांच्याखाली बहुधा कायम गोठलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट असतो. घराची ऊब खाली झिरपली की ती जमीन वितळते, खचते आणि घर तिरकं होतं. झाडं पाहून अंदाज येतो. खुरटा, वाकडातिकडा काळा स्प्रूस (एक सूचिपर्णी झाड) आणि पायाखाली स्पंजासारखं शेवाळ असेल तर तिथून निघा. दक्षिणेकडच्या उतारावर उंच पांढरा स्प्रूस, बर्च आणि ॲस्पेन असतील तर तिथली जमीन बहुतेक वेळा न गोठलेली असते. पर्माफ्रॉस्टवरच बांधायची वेळ आली तर शेवाळाचा थर अजिबात खरवडू नका, तोच जमिनीचं पांघरूण असतो. घर खांबांवर उचलून घ्या, म्हणजे खालून वारा खेळता राहील.

पाणी मात्र खाली असतं आणि ऊब वर. रोज पाणी चढवण्याचा त्रास पत्करा, घर वरच बांधा.

केबिन केवढी असावी?

मनात आहे त्याच्या निम्मी. बारा बाय सोळा फुटांची खोली दोन माणसांना एक हिवाळा काढायला पुरते. जास्तीच्या प्रत्येक फुटाचं सरपण तुम्हालाच फोडायचं आहे.

हिवाळ्याला सरपण किती लागतं?

तिथे सरपण कॉर्डमध्ये मोजतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रचलेली रास म्हणजे एक कॉर्ड, साधारण ३.६ घनमीटर. चांगली बंदिस्त छोटी केबिन आणि चांगली शेगडी असेल तर हिवाळ्याला सहा ते दहा कॉर्ड. त्याहून कमी सांगणाऱ्याने लांबलेला जानेवारी पाहिलेला नसतो.

आकड्यापेक्षा वेळ महत्त्वाची. या हिवाळ्याचं लाकूड मागच्या हिवाळ्याच्या शेवटी, मार्च-एप्रिलमध्ये तोडलेलं असावं लागतं. तेव्हा बर्फ घट्ट असतो, ओंडके स्नोमशीनच्या (बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीच्या) मागे स्लेडवर, म्हणजे घसरगाडीवर, ओढता येतात, आणि पुढचा सगळा कोरडा, उजेडाचा उन्हाळा ते वाळवायला मिळतो. ऑक्टोबरमध्ये कुऱ्हाड हातात घेणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणं. ओलं लाकूड जळताना आपली निम्मी ताकद स्वतःतलं पाणी उकळण्यात घालवतं आणि धुराड्यात डांबरासारखा काजळीचा लेप चढवतं. तो लेप एक दिवस पेट घेतो. आडरानात केबिन जळण्याचं हे एक मोठं कारण. हिवाळ्यात महिन्यातून एकदा धुराडं घासायचंच.

बर्चला स्प्रूसपेक्षा जास्त आणि टिकाऊ आच असते. पण बर्चची साल पाणी अडवून धरते. ओंडका न फोडता ठेवला तर तो आतून कुजतो, बाहेरून मात्र ठणठणीत दिसतो. म्हणून बर्च तोडल्याबरोबर फोडावा. स्प्रूस मात्र उभ्या उभ्या मेलेला शोधावा. ठोकून पाहा. वाळलेलं झाड खणखणीत वाजतं, ओल्याचा आवाज बद्द येतो. त्याच्या खालच्या वाळक्या डहाळ्या आणि बर्चची साल एवढ्यावर कोणत्याही हवेत विस्तव पेटतो. रात्री निजण्यापूर्वी सकाळची काटकी, साल आणि बारीक फोडलेलं लाकूड शेगडीशेजारी मांडून ठेवण्याची सवय तिथे सगळ्यांना असते, कारण पहाटे बोटं बधिर झालेली असताना काडेपेटी उघडणंसुद्धा अवघड जातं.

आपल्या जमिनीबाहेरचं लाकूड तोडायला बहुतेक ठिकाणी परवाना लागतो.

वीज कशी मिळते? सोलर चालतं का?

फेब्रुवारीच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत उत्तम चालतं. मार्च-एप्रिल तर पर्वणीच असते. पॅनल थंड असल्याने चांगलं काम करतं आणि बर्फावरून परतणारं ऊनही त्यावर पडतं. नोव्हेंबर ते जानेवारी मात्र सोलर विसरा. या भागातलं मोठं शहर फेअरबँक्स, तिथे २१ डिसेंबरला दिवस पावणेचार तासांहून थोडा कमी असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून दोन अंशसुद्धा वर येत नाही. समोर टेकडी असेल तर तोही दिसत नाही.

त्या काळात छोटा जनरेटर चालवून बॅटरी भरतात. बॅटरी घरातच ठेवा. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्याच्या खाली चार्ज केली तर कायमची बिघडते. लेड-ॲसिडची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उणे ५० लाही गोठत नाही, पण रिकामी झालेली उणे १० च्या आसपासच गोठते आणि फुटते. दिवे एलईडीचे, फ्रीज नाही, पंप नाही, असा संसार असेल तर वीज फार लागत नाही. स्टारलिंकच्या उपग्रहांमुळे आता आडरानातही इंटरनेट येतं. पण त्याची थाळीसारखी अँटेना ५० ते ७५ वॅट खाते, म्हणून हिवाळ्यात ती दिवसातून तासभरच लावतात.

पाणी?

उन्हाळ्यात ओढ्याचं, हिवाळ्यात नदीच्या किंवा तळ्याच्या बर्फाला भोक पाडून. लांब दांड्याच्या लोखंडी पहारीने बर्फ फोडतात. भोक वर रुंद आणि खाली निमुळतं ठेवतात, पाणी लागलं की कलथ्याने चुरा उपसतात, बादल्या भरतात आणि मग भोकावर फळी टाकून तिच्यावर फूटभर भुसभुशीत बर्फ लोटतात. बर्फ ऊब धरून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बोटभर जाडीची खापच फोडावी लागते. हे झाकण घालायला विसरलात तर पुन्हा सगळं भोक पाडा.

पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळून प्या. बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेतून पसरणारा जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी तिथे सर्रास आढळतो. बर्फ वितळवून पाणी करणं हा नाइलाजाचा मार्ग. मोठं पातेलं भरून बर्फ घेतला तरी तळाशी वाटीभर पाणी मिळतं, आणि त्यासाठी सरपण जळतं.

नदीवर चालताना आणखी एक धोका असतो. थंडी वाढली की खालचं पाणी दाबाने बर्फाच्या फटींतून वर येतं आणि वरच्या भुसभुशीत बर्फाखाली लपून राहतं. उणे ४० ला त्यात पाय बुडाला तर तिथेच थांबून विस्तव पेटवावा लागतो. घर दहा मिनिटांवर असेल तरच घराकडे पळा. म्हणून काडेपेटी, बर्चची साल आणि कोरडे मोजे घेतल्याशिवाय नदीवर कुणी उतरत नाही.

फक्त शिकार आणि मासे यांवर पोट भरतं का?

सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून हिशेबच मांडतो.

मोठ्या नर मूसचं साधारण २२५ किलो मांस निघतं. ढीग पाहिला की वर्षाची बेगमी झाली असं वाटतं. पण मूसचं मांस अगदी कोरडं, चरबी नसल्यात जमा. शंभर ग्रॅमला जेमतेम १०० कॅलरी. थंडीत दिवसभर लाकडं तोडणाऱ्या माणसाला ३,५०० कॅलरी सहज लागतात. म्हणजे तो अख्खा मूस एका माणसाला दोन महिन्यांच्या थोडा वर पुरतो. तेवढ्या कॅलरी त्या मांसातूनच घ्यायच्या तर रोज साडेतीन किलो मांस खावं लागेल आणि पोटात पाऊण किलो प्रथिनं जातील. यकृताला एवढी प्रथिनं झेपत नाहीत. मळमळ, जुलाब, थकवा आणि पोट भरलेलं असताना न शमणारी भूक सुरू होते. सशांवर जगू पाहणाऱ्यांची हीच गत होते, कारण ससा मूसहूनही कोरडा. विल्यालमर स्टेफान्सन या संशोधकाने १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली वर्षभर मांसाहारच केला. केवळ कोरडं मांस दिल्यावर तो लगेच आजारी पडला आणि चरबी मिळताच सावरला. उत्तरेत माणूस चरबीवर जगतो. अस्वलाची चरबी, सॅमन माशाचं तेल, बीव्हरची शेपटी यांना तिथल्या जुन्या लोकांनी एवढा मान का दिला, ते या हिशेबातून कळतं.

सॅमनवर भिस्त ठेवावी तर तीही आता डळमळीत आहे. युकॉन नदीतला चिनूक सॅमन इतका घटला की एप्रिल २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी त्याची मासेमारी सात वर्षं थांबवण्याचा करार केला. पिढ्यानपिढ्या त्या माशावर जगलेल्या गावांनीसुद्धा जाळी गुंडाळून ठेवली आहेत, त्यामुळे नव्याने येणाऱ्याने तो मासा गृहीत धरू नये. सशांची संख्याही साधारण दहा वर्षांच्या चक्रात चढते आणि कोसळते. तुम्ही कोणत्या वर्षी जाऊन पोचता ते तुमच्या हातात नसतं.

कायदाही माहीत हवा. रहिवासी म्हणून शिकारीचा परवाना मिळायला सलग १२ महिने अलास्कात राहिलेलं असावं लागतं. केंद्र सरकारच्या जमिनीवर उदरनिर्वाहाच्या शिकारीत ग्रामीण रहिवाशांना १९८० च्या कायद्याने अग्रक्रम आहे. हंगाम ठरलेले असतात, मूसचा मुख्यतः सप्टेंबरात. मांस रानात टाकून केवळ शिंगं घेऊन येणं गुन्हा आहे. मला हा नियम फार योग्य वाटतो.

म्हणून पीठ, तांदूळ, कडधान्यं, ओट्स, साखर, मीठ आणि भरपूर तेल-तूप बाहेरूनच आणायचं असतं. १८९८ मध्ये क्लॉन्डाइकच्या सोन्यामागे धावणाऱ्यांना कॅनडाच्या पोलिसांनी चिलकूट खिंडीत अडवून वर्षाचं अन्न असल्याशिवाय पुढे सोडलं नाही. सामानासकट ते ओझं साधारण एक टन भरायचं. तो नियम शहाणपणाचा होता आणि तुम्ही तो स्वतःला लावून घ्या. शिकार मिळाली तर ती जास्तीची समजायची.

भाजीपाला होतो का?

होतो, आणि जोमाने. जूनमध्ये फेअरबँक्सला जवळजवळ २२ तास सूर्य असतो. दक्षिणेकडच्या पामर गावच्या जत्रेत २०१२ मध्ये ६२ किलोंहून जास्त वजनाची कोबी आली होती. बटाटा, कोबी, गाजर, सलगम, केल ही भरवशाची पिकं. टोमॅटोला काचघर लागतं. पालक एवढ्या लांब दिवसात लगेच तुऱ्यावर येतो. अडचण असते ती थंड मातीची, म्हणून वाफे फूट-दीड फूट उंच करतात. नव्याने साफ केलेल्या जमिनीला सुपीक व्हायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर बागेच्या भरवशावर राहू नका.

रानात ब्लूबेरी आणि लिंगनबेरी पोत्यांनी मिळतात. गुलाबाची रानफळं आणि स्प्रूसच्या कोवळ्या कोंबांचा चहा यांतून क जीवनसत्त्व मिळतं. बेनबेरीची लालचुटूक किंवा पांढरी फळं विषारी असतात, ती मुलांना आधी दाखवून ठेवा.

मांस-मासे टिकवायचे कसे?

ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत बाहेरची हवाच फ्रीजर असते. खरी कसोटी सप्टेंबरात लागते. शिकार मोठी, हवा अजून उबदार आणि माशा जिवंत. मूस पडला की कातडं लगेच काढून मांस गार करायचं, कापडी पिशव्यांत सावलीत टांगायचं आणि रात्र झाली तरी काम सोडायचं नाही. मढं झाकून पेरणीला जावं तशी ती घाई असते. पट्ट्या कापून धुरावर वाळवणं हा सगळ्यांत जुना आणि चांगला मार्ग.

बाटलीबंद करायचं असेल तर प्रेशर कॅनरच हवा, नुसतं उकळून भागत नाही. अलास्कात बोट्युलिझमचं, म्हणजे हवाबंद अन्नात वाढणाऱ्या जिवाणूंमुळे होणाऱ्या विषबाधेचं, प्रमाण अमेरिकेत सर्वाधिक आहे. मूळ रहिवासी मासे आंबवायचे ते गवत अंथरलेल्या खड्ड्यात, जिथे थोडी हवा लागत असे. तेच काम प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बादलीत होऊ लागलं आणि विषबाधा वाढल्या. अस्वलाचं मांस पूर्ण शिजवा. त्यातला ट्रिकिनेला नावाचा उत्तरेकडचा कृमी गोठवल्याने मरत नाही.

अस्वलं आणि लांडगे यांची भीती किती बाळगावी?

लांडग्यांची फारशी नाही. अस्वलाला अन्नाचा वास लागू न देणं हे निम्मं काम. म्हणून धान्याची कोठी उंच खांबांवर बांधतात आणि खांबांना पत्रा ठोकतात, म्हणजे नखं घसरतात. जिवावर बेतल्याने अस्वल मारावं लागलं तर कातडं आणि कवटी राज्याकडे जमा करावी लागते. मूसला मात्र लोक गाईसारखं गरीब समजतात. खोल बर्फात वाट सोडायला तयार नसलेला मूस आणि पिल्लू सोबत असलेली मादी यांच्यापासून लांबच राहा. अलास्कात अस्वलांपेक्षा मूसमुळे जास्त माणसं जखमी होतात.

आजारी पडलो किंवा जखम झाली तर?

मदत येते, पण हवामान परवानगी देईल तेव्हा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र प्रत्येकाकडे असलंच पाहिजे. पण दाट धुकं, उणे ५० ची थंडी किंवा वादळ असेल तर विमान उडत नाही आणि दोन-तीन दिवस तुम्हालाच काढायचे असतात. रक्त थांबवणं, हाड बांधणं, भाजल्याची आणि हिमदंशाची निगा हे शिकूनच जा. हिमदंश झालेला भाग चोळू नये. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तो वितळवूही नये.

दात आधी दाखवून घ्या. मला हे सांगताना लोक हसतात, पण किडलेली दाढ जानेवारीत ठणकायला लागली की त्या विमानफेरीचा खर्च दहा दाढांच्या उपचाराएवढा होतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, कारण घट्ट बंद केलेल्या छोट्या खोलीत तो वायू झोपेतच घात करतो. हवाई रुग्णवाहिकेचं वार्षिक सभासदत्व मिळतं, ते घ्या.

नदी गोठताना आणि फुटताना काय करतात?

घरी बसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये काही आठवडे होडी चालत नाही, स्नोमशीन चालत नाही आणि विमानाला उतरायला ना पाणी असतं ना भरवशाचा बर्फ. वाहत्या नदीवरचा बर्फ एका जागी हातभर जाड आणि दहा पावलांवर बोटभर असू शकतो. तनाना नदी कधी फुटेल यावर नेनाना गावात १९१७ पासून पैजा लागतात. आजवर ती सर्वांत लवकर १४ एप्रिलला फुटली आहे, २०१९ मध्ये, आणि सर्वांत उशिरा २० मेला. एवढी अनिश्चितता धरूनच औषधं आणि पीठ भरून ठेवायचं.

पैसे किती लागतात?

जमीन आणि घर सोडूनही दरवर्षी रोख रक्कम लागतेच. पेट्रोल, काडतुसं, करवतीचे सुटे भाग, धान्य आणि सगळ्यांत जास्त विमानभाडं, कारण छोट्या विमानाचा दर तासाला शेकडो डॉलर असतो. बहुतेक लोक उन्हाळ्यात वणवे विझवण्याच्या तुकड्यांत, बांधकामावर किंवा मासेमारीच्या बोटींवर कमावतात. सापळे लावून मिळणाऱ्या फरवर संसार चालत नाही. राज्याच्या तेलनिधीतून रहिवाशांना वर्षाला लाभांश मिळतो, पण त्याचा नेम नाही. २०२२ मध्ये ३,२८४ डॉलर होता, २०२५ मध्ये १,०००.

मुलांच्या शाळेचं काय?

अलास्कात घरी शिकवण्याला मोकळीक आहे आणि टपालाने शिक्षणाची परंपरा जुनी आहे. शाळेपेक्षा सोबत्यांची उणीव जास्त जाणवते. त्याचा विचार आधी करा.

एकट्याने राहणं जमतं का?

काहींना जमलं आहे. रिचर्ड प्रोएनेके यांनी १९६८ मध्ये ट्विन लेक्सकाठी स्वतःच्या हातांनी केबिन बांधली आणि पुढची तीसेक वर्षं बहुतांश तिथेच काढली. त्यांची केबिन आज राष्ट्रीय उद्यानात जपलेली आहे. त्यांचं नाव घेणारे एक विसरतात की ते आधी पट्टीचे सुतार आणि मेकॅनिक होते, आणि ओळखीचा वैमानिक त्यांना धान्य आणि टपाल आणून देत असे.

क्रिस्टोफर मॅककँडलेस हा तरुण १९९२ च्या एप्रिलमध्ये तांदळाची एक पिशवी आणि हलकी रायफल घेऊन स्टॅम्पीड वाटेने गेला. उन्हाळ्यात टेकलानिका नदी फुगली आणि परतीची वाट बंद झाली. नदी ओलांडायचा केबलचा पाळणा फार लांब नव्हता, पण त्याच्याजवळ तपशिलाचा नकाशा नव्हता. ऑगस्टमध्ये, रानात टाकून दिलेल्या ज्या जुन्या बसमध्ये तो राहत होता तिथेच, तो उपासमारीने गेला. त्याला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही, पण त्याच्या मागे त्या वाटेने जाणाऱ्यांना मी कळकळीने अडवतो. ती बस पाहायला गेलेल्या दोन तरुणींचा त्याच नदीत बुडून मृत्यू झाला. अखेर जून २०२० मध्ये बस हेलिकॉप्टरने उचलून हलवावी लागली.

या भूमीत हजारो वर्षं राहिलेले ग्विचिन, कोयुकॉन आणि इतर अथाबास्कन लोक एकेकटे कधीच राहिले नाहीत. ते कुटुंबांच्या गटाने हंगामाप्रमाणे फिरत, मासेमारीच्या तळावर एकत्र येत, मूस पडला की वाटून घेत. तीच रीत आजही चालते. जवळचं गाव चाळीस किलोमीटरवर असलं तरी तिथे ओळखी करा, त्यांच्या सापळ्यांच्या वाटा ओलांडू नका, मासे मिळाले तर पोचवा. अडचणीत पहिला येतो तो शेजारी.

डिसेंबरचा अंधार अनेकांना खचवतो. ड जीवनसत्त्व घ्या, दुपारचा जो काही उजेड असेल त्यात रोज बाहेर पडा, जेवण-झोपेच्या वेळा मोडू नका. जोडप्यांनी भांडण झाल्यावर जायला दुसरी खोली नसेल याचा आधीच विचार करावा.

सुरुवात कुठून करावी?

फेअरबँक्सपासून. शहराभोवती नळ नसलेल्या केबिन भाड्याने मिळतात. पाणी कॅनमध्ये भरून आणायचं, संडास बाहेर, ऊब लाकडाची किंवा तेलाची. असा एक अख्खा हिवाळा काढा. दवाखाना आणि दुकान गाडीच्या अंतरावर असताना जे शिकाल ते आडरानात महागात न पडता शिकून होतं. शिवाय रहिवासाची बारा महिन्यांची अटही त्यात पुरी होते.

कोणत्या महिन्यात जावं?

जमीन दोनदा बघा, एकदा ऑगस्टमध्ये माती आणि पाणी दिसतं तेव्हा आणि एकदा जानेवारीत. घराचे ओंडके मेअखेर ते जूनमध्ये तोडा. तेव्हा झाडात रस चढलेला असतो आणि साल हाताने सोलता येते. ते वर्षभर वाळू द्या. शेगडी, खिडक्या, पत्रे असं जड सामान मार्चमध्ये गोठलेल्या नदीवरून स्लेडने ओढून न्या, जूनला बांधायला घ्या, आणि दारं-खिडक्यांच्या वर दोन-तीन इंच जागा सोडा, कारण ओंडके आटतात आणि भिंत खाली बसते. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत छप्पर घातलेलं, शेगडी बसलेली आणि सरपण रचलेलं नसेल तर तो हिवाळा फेअरबँक्समध्येच काढा आणि पुढच्या मार्चमध्ये परत या.